नानवायाच्या लेकी

मार्गिलान, ४ मार्च

मस्तुराआपा,

सलाम. पाकिटावरचं अक्षर पाहून तू हे फाडायला घेशील, हे मला ठाऊक आहे. पहिलं पान तेवढं वाच, मग फाड. फोनवर तू माझा नंबर बंद केलास, शेरझोदलाही माझ्याशी बोलायची बंदी घातलीस. पण उर्गेंचच्या टपालवाल्याला कसं बंद करणार? त्याला पगारच त्या कामाचा मिळतो.

भावोजींचा गुडघा कसा आहे? नोझिमाची परीक्षा कशी गेली? नवी सून रुळली का? लग्नाला तू मला बोलावलं नाहीस, तरी फोटो मी पाहिले; कुणी दाखवले ते विचारू नकोस. शेरझोद त्या चौकोनी टोपीत थेट आपल्या बाबांसारखा दिसतो. कानसुद्धा तेच. कानांवरून नवरा पारखायची पद्धत नाही, हे सुनेचं नशीब.

लग्न पार पडलं, म्हणून आता लिहिते आहे. आधी लिहिणं शक्य नव्हतं. का, ते सांगते.

साखरपुड्याला तुझ्या व्याह्यांच्या घरी मोठ्या माणसांनी नान मोडला, सोयरीक पक्की झाली, आणि तुकडे जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानाभोवती फिरले. माझ्या हातातही एक आला. मी तो ओठांना लावला, कपाळाला लावला आणि रुमालात गुंडाळून बाहीत सरकवला. मला वाटलं, कुणाचं लक्ष नाही. वधूच्या मावशीचं होतं. तिचं सगळीकडे असतं. मग बायकांत कुजबुज सुरू झाली, की मुलाच्या मावशीला ही मुलगी पसंत नाही, तिने नान खाल्ला नाही, काही करणी करायला बाहीत घालून नेते आहे. तू मला अंगणात ओढत नेलंस आणि म्हणालीस, "आपल्या बापाने जन्मभर नान भाजले, सनोबर. आणि तू माझ्या पोराचा नान बाहीत लपवतेस? परत माझ्या दारात येऊ नकोस."

मी एक शब्द बोलले नाही. तुला त्याचाच जास्त राग आला असेल. मला गप्प बसलेलं तू जन्मात पाहिलं नव्हतंस.

आपा, मला नान चालत नाही. आवडत नाही असं नाही, चालत नाही. मला आजार आहे, आणि त्या दिवसाआधी काही आठवड्यांपूर्वीच तो मला कळला होता. तो रक्तातून घराण्यात उतरतो. हे मी तुला त्या अंगणात सांगितलं असतं, तर दारामागे ती मावशी होती. चहा गार व्हायच्या आत शेरझोदची सोयरीक मोडली असती. म्हणून मी गप्प बसले आणि तीन गाड्या बदलून घरी आले.

आता आजाराचं ऐक. माझं पोट किती वर्षं बिघडलेलं होतं, ते तुला माहीत आहे. तोंड आलेलं, केस गळलेले, जिना चढले की धाप. कुणी म्हणालं जंत, कुणी म्हणालं मनाचे खेळ, एकाने मेंढीच्या शेपटीची चरबी वितळवून पाजली. ती पाजणारा अजून माझ्या समोरून जायला घाबरतो. शेवटी फरगान्यात डॉक्टर गुलचेहरा भेटल्या. रक्त तपासलं, घशातून नळी घालून आतड्याचा कण काढला. मग विचारलं, "तुमच्या घरचा धंदा काय?"

मी म्हटलं, "नानवाई. आजोबा, वडील आणि आता नवरा."

त्यांनी चष्मा काढला आणि हसल्या. मग माफी मागितली. मग मीही हसले.

आजाराचं नाव सीलिएक. गहू, जव, राय अशा धान्यांत जो चिकट भाग असतो तो माझ्या आतड्याला सोसत नाही. डॉक्टरांनी मार्गिलानच्या बाईला कळेल असं सांगितलं: आतड्याला आतून मखमलीसारखं अस्तर असतं, तशीच लव. माझी लव झिजून सतरंजी झाली आहे. वरून कितीही चांगलं ओता, ते धरून ठेवत नाही. औषध नाही. गहू सोडायचा, जन्मभर, कणभरसुद्धा नाही. मग लव हळूहळू परत उगवते. हा आजार कुणाला लागत नाही, तेव्हा हे पत्र हातात धरायला हरकत नाही.

माझ्या सासूबाईंच्या तोंडात ते नाव बसत नाही. त्या 'सिल्या' म्हणतात, जणू गल्लीतलं उनाड कार्टं आहे. "आज सिल्याने त्रास दिला का गं?"

उत्तर लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालतील.

तुझी,
सनोबर

---

मार्गिलान, २८ मार्च

आपा,

शिव्याही आल्या नाहीत. हरकत नाही. मी बोलत राहते, तू भाजी चिरत ऐक, लहानपणी ऐकायचीस तसं.

नवरोज झाला. आमच्या गल्लीत यंदाही मोठ्या कढईत सुमलक शिजला. गव्हाच्या अंकुरांचा तो गोड लगदा, त्यात काय माझ्यासाठी असणार? मी फक्त ढवळायला गेले. शेजारची ओयनिसा म्हणाली, "एक बोट चाट, सणाचं आहे, सणाचं बाधत नाही." मी म्हटलं, "माझ्या आतड्याला पंचांग कळत नाही." त्यावर सगळ्या हसल्या, पण नंतर दोघी-तिघींनी मला बाजूला घेऊन उपाय सांगितले. एकीच्या मते माझ्यावर नजर आहे. दुसरीच्या मते ही ताश्कंदची नवी फॅशन आहे, तिथल्या बायका बारीक होण्यासाठी नान सोडतात. मी म्हटलं, बाई, मी नान सोडल्यापासून जाड होते आहे. हे खरं आहे, आपा. माझा निळा अतलसचा झगा आता खांद्यावरून घसरत नाही.

सासूबाईंचं सांगायचं राहिलं. दवाखान्यातून आले त्या दिवशी त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नान न खाणारा माणूस मी फक्त पाळण्यात पाहिला आहे." बरेच दिवस त्यांचं म्हणणं होतं, की माझा नान मी जास्त भाजून खावा, आगीत काय टिकतं? मग एकदा त्यांनी माझ्यासाठी मोशकिचिरी केली, मूग आणि तांदळाची, अगदी प्रेमाने. पण ढवळली त्याच डावाने, ज्याने शेजारच्या पातेल्यातल्या शेवया ढवळल्या होत्या. मी आडवी झाले ते दुसऱ्या दिवशी जेवणवेळेपर्यंत उठले नाही. सासूबाई उशाशी बसून होत्या.

मी उठून स्वयंपाकघरात गेले तर एक पातेलं, एक डाव, एक ताट आणि एक वाटी वेगळ्या फळीवर. प्रत्येकाला लाल चिंधी बांधलेली. आणि सासूबाई घरातल्या सगळ्यांना, अगदी पाहुण्यांनाही, ऐकवत होत्या, "लाल चिंधीला जो हात लावेल त्याचा हात मी तंदुरात घालीन." परवा मशिदीचे इमाम चहाला आले होते. त्यांनाही हेच सांगितलं. ते म्हणाले, "आजी, मी फक्त साखर शोधत होतो."

एर्गाशचं म्हणशील तर नवरा माझा दिवसभर पिठात असतो. आता भट्टीवरून आला की अंगणातच कपडे झटकतो, तोंड धुतो, मिशा दोनदा धुतो. मिशा का, ते तू समजून घे. त्याने अंगणाच्या पलीकडच्या कोपऱ्यात मातीचा एक छोटा तंदूर घातला आहे, खास माझा. त्यात गव्हाने अजून पाऊल टाकलेलं नाही.

त्यात मी झोगोरा भाजते. आठवतो का? आजी सांगायची, युद्धाच्या काळात गहू नसायचा, मक्याच्याच भाकऱ्या खायचे. पहिल्या दोन-चार कौलासारख्या झाल्या. एर्गाश म्हणाला, छप्पर गळतं तिथे लावू. मग मी पिठात किसलेला भोपळा घातला, कांदा घातला, कढत पाण्याने मळलं. आता बरी होते. एर्गाशने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "आईच्या हातची आठवण आली."

सासूबाई त्याच्या शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी अजून आहे रे."

उत्तराची वाट बघते.

सनोबर

---

मार्गिलान, ६ मे

आपा,

तुझं पार्सल मिळालं.

उर्गेंचच्या गाडीवरची बाई स्वतः स्टेशनवर थांबली होती. फडक्यात बांधलेलं काहीतरी तिने माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तुमच्या बहिणीने दिलंय." मी विचारलं, चिठ्ठी? ती म्हणाली, चिठ्ठी नाही. फडकं सोडलं तर एक नान. तुमच्याकडचा, पातळ, रुंद, मधोमध टोचलेला. हात तुझाच. टोचणी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायची सवय आपल्या घरात फक्त तुला होती.

आता मी याचा अर्थ काय लावू? एर्गाश म्हणतो, समेट आहे, नान कोणी शत्रूला पाठवत नाही. सासूबाई म्हणतात, शिवी आहे, आणि चांगली भाजलेली आहे. माझं मला कळत नाही. मी तो ओठांना लावला, कपाळाला लावला, हात स्वच्छ धुतले आणि ओयनिसाच्या घरी दिला. तिने खाल्ला आणि म्हणाली, "तुझ्या बहिणीला सांग, मीठ थोडं कमी." ते मी तुला कळवणार नव्हते, पण आता लिहून झालं.

आपा, आज थोडं गंभीर लिहायचं आहे. दोन ओळी फक्त, मग पुन्हा गंमत.

डॉक्टर गुलचेहरा प्रत्येक भेटीत एकच विचारतात: "बहिणीने तपासलं का? तिच्या मुलांनी?" सख्ख्या नात्यात हा निघतो, आणि कित्येकांना पोटाचा त्रासच होत नाही, कुणाचं रक्त कमी होतं, कुणाची हाडं ठिसूळ होतात, कुणाची उंची खुंटते. मी लग्नाचे फोटो पुन्हा काढून पाहिले. आपली नोझिमा करवल्यांत सगळ्यात बुटकी आहे. चेहरा पांढरा. तू म्हणशील ती लहानपणापासून तशीच आहे. तेच तर म्हणते आहे मी. तिला घेऊन जा. फक्त रक्त काढतात, मुंगी चावल्याएवढं दुखतं.

फोटोत तूही वाळलेली दिसतेस. अंगठी बोटात राहावी म्हणून तू दोरा गुंडाळला आहेस, तो मला दिसला. लग्नाची धावपळ, दुसरं काय. मुलाचं लग्न म्हणजे आई अर्धी होतेच. आता बसून खा.

आणि हे नीट ऐक, कारण इथे सगळे चुकतात. तपासणी होईपर्यंत नोझिमाने नान सोडायचा नाही. गहू पोटात असला तरच रक्तात त्याची खूण सापडते. आधीच सोडला तर चोर घरातून निघून जातो आणि पोलीस रिकाम्या हाताने परत येतात. म्हणजे बघ, तुझी नान न खाणारी बहीण तुला पत्र लिहून सांगते आहे, की लेकीला पोटभर नान खाऊ घाल. यापेक्षा मोठी माफी मला लिहिता येत नाही, आणि तशी मला मागायचीही नाही, कारण मी काही चुकले नाही. तूही नाही. त्या मावशीचे डोळे तेवढे चुकले.

सनोबर

---

मार्गिलान, १९ जून

आपा,

जर्दाळू पिकले. अंगणात पाय ठेवायला जागा नाही. छपरावर वाळत घातले आहेत, तुझ्या वाटणीचे वेगळे.

इथे काय घडलं ते ऐक. आमच्या मोहल्ल्याच्या बायका महिन्यातून एकदा कुणा एकीच्या घरी जमतात, चहा होतो, गाणी होतात, एकमेकींच्या सुनांची निंदा होते. या वेळी पाळी ओयनिसाची. मोहल्ल्याच्या अध्यक्षबाई मला म्हणाल्या, "सनोबर, तुझ्या त्या सिल्याबद्दल सांग ना सगळ्यांना." सासूबाईंनी ते नाव गावभर केलं आहे.

मी उभी राहिले. आपा, मला वाटायचं मला बोलायला आवडतं. उभं राहिल्यावर कळलं, की बसून बोलायला आवडतं. समोर दस्तरखानावर नानांची चळत, आणि त्यांच्याबद्दल मी काय सांगणार? म्हणून मी आधी एक नान उचलला, सरळ केला, कारण तो पालथा पडला होता, आणि म्हटलं, "याच्याशी माझं भांडण नाही. माझ्या बापाने याच्यावर आम्हा दोघी बहिणींना वाढवलं. पण ज्याचं पोट याला घेत नाही, त्याला आग्रह करू नका. त्याने नाही म्हटलं तर तो तुमचा अपमान करत नाही, जीव वाचवतो." मग मखमल आणि सतरंजीचं सांगितलं. लक्षणं सांगितली: पोट फुगलेलं मूल, वजन न वाढणारं मूल, किती गोळ्या खाल्ल्या तरी रक्त न भरणारी बाई.

एक म्हातारी म्हणाली, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं."

माझ्या आधी सासूबाई बोलल्या. "होतं. नाव नव्हतं. आपण त्याला 'पोर जगलं नाही' म्हणायचो."

मग ओयनिसा उठून आत गेली आणि आपल्या नातीला कडेवर घेऊन आली. लोला. चार वर्षांची, काटकुळे हातपाय, पोट मात्र टरबुजासारखं, सदा किरकिरी. ओयनिसा म्हणाली, "ही तशीच आहे. मला वाटलं स्वभाव आहे."

पुढच्या आठवड्यात आम्ही तिला फरगान्याला नेलं. सिल्याच निघाला. रडारड झाली. ओयनिसाच्या सुनेला वाटलं आता पोरीचं लग्न कसं होणार. मी म्हटलं, अगं आधी तिला पाच वर्षांची तर होऊ दे. आता लोला माझ्या तंदुराशी ठाण मांडून असते. झोगोराचा गरम तुकडा घेते, काल तिने एर्गाशला सांगितलं, "आजोबा, मिशा धुवा." किरकिर संपली, आता सरळ भांडते. ओयनिसा म्हणते, पहिली बरी होती. पण म्हणताना हसते.

तिच्यानंतर आणखी दोन बाया गुपचूप विचारायला आल्या. मी दोघींना नान खात राहा आणि डॉक्टरकडे जा, असं सांगून पाठवलं. एकीला काही निघालं नाही, तिला साधी आम्लपित्ताची तक्रार होती. ती माझ्यावर जरा नाराजच झाली, जणू आमंत्रण देऊन मी जेवायला घातलं नाही.

आता एक सांगते. मला कुणाचाही फोन आलेला नाही. कुणीही मला सांगितलेलं नाही, की तू नोझिमाला घेऊन पुढच्या महिन्यात ताश्कंदला जाते आहेस. तेव्हा तुझ्या लेकीवर ओरडू नकोस. मी आपली उगाच, मनाने लिहिते आहे: समजा कुणी ताश्कंदला गेलंच, तर उन्हाचे दिवस आहेत, टोपी घाल. आधीचे सगळे कागद बरोबर ने. आणि डॉक्टर जे विचारतील त्याची उत्तरं खरी दे. "सगळं बरं आहे" हे तुझं नेहमीचं उत्तर तिथे चालत नाही.

सनोबर

---

उर्गेंच, २४ ऑगस्ट

सनोबर,

तुझी पत्रं मिळाली. सगळी वाचली. नोझिमावर मी ओरडले नाही. फार नाही.

मला तुझ्यासारखं लिहिता येत नाही, म्हणून क्रमाने लिहिते.

नान मी रागाने भाजला. म्हटलं, बघू या आता, खाते का. गाडीवरच्या बाईच्या हातात दिला तेव्हा राग उतरला होता, पण गाडी सुटली. म्हणून चिठ्ठी नव्हती. मीठ बरोबर होतं. तुझ्या शेजारणीला सांग.

ताश्कंदला गेलो. नोझिमाचं रक्त तपासलं. तिला काही नाही. काही वर्षांनी पुन्हा बघा म्हणाले. ती बुटकी आहे कारण तिच्या बापाची आई बुटकी होती, हे मी घरीच सांगितलं होतं. मी पर्स उचलली आणि निघाले. तर तो डॉक्टर, शेरझोदपेक्षा फार मोठा नसेल, म्हणाला, "आणि तुम्ही, आपा?"

मी म्हटलं, "मला काय धाड भरली आहे? मी तिन्ही वेळा नान खाते. सगळं बरं आहे."

त्याने माझा हात उलटा करून नखं बघितली. दोरा गुंडाळलेली अंगठी बघितली. तोंड येतं का विचारलं. येतं. थकवा? म्हटलं, संसार आहे. मग विचारलं, किती बाळंतपणं? मी दोन म्हणणार होते. तू लिहिलं होतंस ना, खरं सांग. म्हणून चार म्हटलं. शेरझोदच्या आधीची दोन पोटातच गेली.

नोझिमाला हे माहीत नव्हतं. तुलाही नसेल, तू शाळेत जात होतीस आणि बाबांनी तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं.

मलाच निघाला. तुझा सिल्या. नळी घालतानाही मी शहाण्यासारखी वागले नाही, नर्सच्या हाताला अजून वळ असेल. तुझ्या सतरंजीचं मी सांगितलं, तर डॉक्टर म्हणाला, तुमचं अस्तर त्याहूनही वाईट आहे. इतकी वर्षं काढलीत कशी? मी म्हटलं, आमच्याकडे पोट दुखलं म्हणून कुणी काम थांबवत नाही.

उठताना मी त्याला विचारलं. विचारायचं नव्हतं, तोंडातून गेलं. ती दोन मुलं याच्यामुळे गेली का? त्याने खोटं सांगितलं नाही. म्हणाला, "असू शकेल. इतक्या वर्षांनी नक्की कुणीच सांगू शकणार नाही. पण तपासलं गेलं असतं, उपचार झाले असते, तर फरक पडला असता, असं पुष्कळ वेळा होतं." मी म्हटलं, मला सासूने सांगितलं होतं, की मी कालव्यावरून भरलेल्या बादल्या आणल्या म्हणून. दोन्ही वेळा. तो म्हणाला, "आपा, बादलीचा काहीही संबंध नाही. मी तुम्हाला लिहून देऊ का?"

लिहून घेतलं नाही. ऐकलं तेवढं पुरे.

दवाखान्याबाहेर कलिंगडं-खरबुजांची गाडी होती. मी एक अख्खं खरबूज घेतलं, कापून मागितलं, आणि चिनाराखाली बाकावर बसून आम्ही दोघींनी खाल्लं. मी रडत होते आणि खात होते. नोझिमा म्हणाली, "आई, लोक बघताहेत." मी म्हटलं, बघू दे, ताश्कंदवाल्यांना तेवढंच काम. तेवीस वर्षं मी त्या बादल्या वाहत होते, सनोबर. त्या बाकावर खाली ठेवल्या.

घरी येऊन मी सगळ्यांना सांगितलं. तुझ्या भावोजींनी आधी दोन दिवस तोंड पाडलं, मग बाजारातून तांदळाचं आणि मक्याचं पीठ आणलं, इतकं की आता कोठीत पाय ठेवता येत नाही. शिवित ओशच्या हिरव्या शेवयांना मी मुकले, त्यांचं नाव काढू नकोस माझ्यासमोर. पुलाव आहे म्हणून जगते आहे. व्याह्यांकडे जेवायला गेलो तेव्हा मी दारातच सांगितलं, नान मला वाढू नका, मला सीलिएक आहे, घराण्यात आहे, विचारायचं ते आत्ताच विचारा. त्या मावशीने लगेच विचारलं, "म्हणजे तोंड येतं का? आणि रक्त कमी होतं?" तिचंच ऐकत बसावं लागलं मग. बिचारी बारा वर्षं गोळ्या खाते आहे. तिला तुझ्या डॉक्टरांचं नाव हवं आहे. पाठव.

तुझी झोगोराची रीत करून पाहिली. वाईट झाली. तू मीठ किती ते लिहिलंच नाहीस. हे मुद्दाम केलंस का?

आणखी एक. सुनेला दिवस गेले आहेत. कुणाला सांगायचं नाही एवढ्यात, म्हणून तुला लिहिते. मागच्या आठवड्यात ती वाडीतून खरबुजांची टोपली घेऊन आली आणि पायरीवरच बसली, चेहरा पांढराफटक. मला वाटलं चक्कर आली. तर ती म्हणते, "आई, मी टोपली उचलली. माझ्या लक्षातच नव्हतं. आता काही झालं तर?" कुणीतरी तिच्याही कानात घातलेलं होतं.

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. टोपलीतलं सगळ्यात मोठं खरबूज घेतलं आणि तिला म्हटलं, "या घरात असलं कुणी तुला बोलणार नाही. मी बोलणार नाही, आणि दुसरं कुणी बोललं तर मला येऊन सांग. आता हे खा. अर्धं तुझं, अर्धं माझं."

डॉक्टरला मी सांगून ठेवलं आहे, की बाळ आलं आणि गहू खायला लागलं की त्याच्यावर लक्ष ठेवायचं. नसेल तर उत्तम. असेल तर असेल. त्याला उपाशी ठेवायला ही काही वाळवंटातली धर्मशाळा नाही.

सप्टेंबरात ये. गाडी थेट आहे, बदलायची भानगड करू नकोस. तुझ्या सासूबाईंना आणि त्या शेजारणीला घेऊन ये. त्या मिठाचं कोण खरं, ते मला त्यांच्याशी बसून मिटवायचं आहे.

मस्तुरा